न खाणाऱ्याची खाऊफेरी

"ही कचोरी साधारण नव्वद ग्रॅमची. सारण पस्तीस, बाकी कवच. खा."

एवढं बोलून आमचे घरमालक दोन पावलं मागे सरकायचे, हात पाठीशी बांधायचे आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या मंडळींकडे परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखे बघत उभे राहायचे. एखादी बाई हमखास विचारायची, "काका, चवीबद्दल काहीतरी सांगा ना." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मी खाल्लेली नाही."

लोकांना आधी तो विनोद वाटायचा. मग आलुबोंड्याच्या गाडीवर तेच, जिलेबीच्या कढईपाशी तेच, भज्यांच्या दुकानात तेच. अमरावतीच्या परकोटात, म्हणजे जुन्या तटाच्या आतल्या शहरात, दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता खाऊफेरी काढणाऱ्या या माणसानं तिथला एकही पदार्थ आयुष्यात तोंडात घातलेला नव्हता. त्याला गल्ल्या तोंडपाठ होत्या, प्रत्येक दुकानदाराचा आजा कुठल्या गावाहून आला हे माहीत होतं, कुणाचं तेल कधी बदलतं हेही माहीत होतं. चव तेवढी माहीत नव्हती.

वजनमापे खात्यात त्यांची तीस वर्षं नोकरी झाली. दुकानादुकानांत जाऊन तराजू आणि वजनं तपासायची, खोट सापडली की जप्त करायची, हे काम. बाजार त्यांना काटासाहेब म्हणायचा, तेही ते जवळपास नसताना. उंच, वाळलेले, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि त्या पेनांच्या शेजारी बोटभर लांबीचा स्प्रिंगचा काटा. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी तो काटा काही खिशातून निघाला नाही.

मी मूळचा अकोल्याचा. विमा कंपनीच्या कचेरीत बदली होऊन अमरावतीला आलो आणि त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. पहिल्याच आठवड्यात माझा गॅसचा सिलिंडर आला, तर साहेब खाली दारातच त्या माणसाला अडवून उभे. सिलिंडर वजनकाट्यावर चढवल्याशिवाय वर जाऊ देईनात. तो बिचारा म्हणाला, "सायब, तुमी तं रिटायर झाले ना?" साहेब म्हणाले, "मी झालो. किलो नाही झाला." त्यानंतर चार वर्षांत मला एकदाही कमी गॅस, कमी दूध किंवा कमी रॉकेल मिळालं नाही. उलट दूधवाला जिना चढताना साहेबांची चाहूल लागली की घाईघाईनं आणखी एक माप ओतायचा.

खाऊफेरीचं पाप माझ्याच माथ्यावर आहे. पुण्याचे माझे दोन मित्र आले होते आणि त्या दिवशी नेमका मला ताप. "जरा गाव दाखवता का यांना?" असं मी साहेबांना विचारलं, तेही केवळ तोंडदेखलं. ते त्या दोघांना तीन तास फिरवून आले. मित्रांनी ते सगळं फोनवर कुठेतरी लिहिलं, फोटो टाकले, आणि महिन्याभरात अनोळखी लोकांचे फोन यायला लागले. साहेबांनी ते नव्या नेमणुकीच्या आदेशासारखं मनावर घेतलं. दारावर टंकलेखित सूचना लागली: "फेरी पाच वाजता निघेल. पाच वाजून एक मिनिटाने येणाऱ्याने फेरीस गाठावे."

पहिल्या रीतसर फेरीला सात जण होते. जमायचं ठिकाण साहेबांचं घर. इथेच घोटाळा झाला, कारण घरात काकू होत्या.

"अवो, दारातून मानसं उपाशी जातीन का? लोकं काय म्हनतीन मले?"

"अवं, ते खायलेच चालले बाजारात!"

"बाजारातलं काय खानं असते जी? पोटाले आधार नको?"

वऱ्हाडातल्या बाईपुढे याला उत्तर नसतं. सातही जणांना पाटावर बसवलं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, कढी, आणि वर तुपात थबथबलेला शिरा. "घ्या बाप्पा, लाजून राहिले का?" म्हणत काकूंनी प्रत्येकाच्या ताटात भाकरीवर भाकरी टाकली. पुण्याची माणसं आग्रहाला सरावलेली नसतात. नको म्हटलं की वाढणारा थांबतो अशी त्यांची समजूत असते. परकोटाच्या अंबागेटपाशी पहिली कचोरी हातात आली तेव्हा एक गृहस्थ कापडाच्या दुकानाच्या पायरीवर जे बसले ते उठेचनात. एकीनं कचोरीचा फोटो काढला आणि ती परत केली. तिसऱ्या थांब्यावर साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि गंभीरपणे जाहीर केलं, "फेरी स्थगित."

पुढच्या रविवारपासून जमायचं ठिकाण अंबागेट ठरलं, घरापासून चांगलं लांब. तर काकू ऑटो करून तिथे हजर, मांडीवर स्टीलचा डबा. "थोडासाच चिवडा आनला जी, चालता चालता."

एक सांगतो, साहेबांबरोबर खायला जाण्यासारखं सुख नव्हतं. ते गल्लीत शिरले की टोकापर्यंत दुकानदार नकळत तराजूची पारडी फडक्यानं पुसायला लागायचे. आता सगळीकडे आकडे दिसणारे काटे आले आहेत. साहेब थांबून फक्त एवढंच विचारायचे, "शून्य?" की दुकानदार धावत काटा त्यांच्याकडे फिरवायचा, "शून्य, सायब, शून्य!" आणि त्या धास्तीत आमच्या द्रोणात दीडपट जिलेबी पडायची. मी खादाड माणूस. फेरीला सोबत म्हणून जात होतो असं मी घरी सांगायचो, पण खरं कारण हे होतं.

पण ते खात का नाहीत, हे मला कळत नव्हतं आणि सहनही होत नव्हतं. तळणाच्या वासात तीस वर्षं चालायचं आणि घरी येऊन दोडक्याची भाजी खायची, हा कुठला न्याय? एकदा मी गपचूप पुडी बांधून आणली. त्यांनी विचारलं, "कोणासाठी म्हणून घेतली?" मी म्हटलं, माझ्यासाठी. "मग तुम्ही खा."

शेवटी मी त्यांना अकोल्याला नेलं. म्हटलं, अमरावतीत तुम्हाला सगळे ओळखतात, माझ्या गावात कोण ओळखतं? शिवाय कचोरी खावी तर अकोल्याची, हे मला एकदा सिद्धच करायचं होतं. साहेब हो-नाही करत आले. स्टेशनाबाहेर माझ्या लहानपणापासूनच्या गाडीपाशी आम्ही उभे राहिलो. कचोरीवाल्यानं मान वर केली आणि झारा कढईत टाकून सरळ उभाच राहिला.

"नमस्कार, सायब! किती वर्षानं! ए, पयले खुर्ची आन सायबाले!"

"अकोल्यात मी चार वर्षं होतो," साहेब मला हळूच म्हणाले. "सांगायचं राहिलं."

कचोरीवाला पैसे घेईना. साहेब फुकट खाईनात. दोघं नोट इकडून तिकडे ढकलत राहिले आणि मागे गिऱ्हाइकं ताटकळली. आम्ही उपाशी परत निघालो. गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा साहेबांनी पिशवीतून काकूंनी दिलेली भाकर आणि ठेचा काढला, अर्धी मला दिली, आणि मग पहिल्यांदा सांगितलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ते अचलपूरला होते. तिथे एका भजेवाल्याकडे बसले, प्लेटभर भजी खाल्ली. पैसे द्यायला गेले तर तो म्हणाला, राहू द्या सायब. यांनी राहू दिलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत त्याचाच तराजू खोटा निघाला. यांनी कागद काढला तर तो एवढंच म्हणाला, "काल तं खाल्लं ना, सायब." "माझा हात लिहीना," साहेब म्हणाले. "लिहिलं शेवटी. पण अक्षर हललं." त्या दिवसापासून बाजारातलं खाणं बंद. जिथे माझे पैसे घेतील तिथेच खाईन, असा नेम केला. आणि त्यांच्या हद्दीत त्यांचे पैसे घेणारा कोणी उरला नाही.

"आता तर निवृत्त झालात," मी म्हटलं.

"पेन्शन तेच खातं देतं."

आमच्या रविवारच्या फेरीतला शेवटचा थांबा फार विचित्र होता. सक्करसाथेकडे जाणाऱ्या एका गल्लीत गिल्या वड्याचं दुकान आहे. तळलेला उडदाचा वडा पाण्यात भिजवून, दाबून, वर घट्ट दही आणि हिरव्या मिरचीची चटणी. अमरावतीचं खाणं म्हणजे हे. तिथे साहेब दुकानापर्यंत जातच नसत. रस्त्याच्या पलीकडे, कुलपाच्या दुकानापाशी उभे राहून सांगत, "समोर गावातला सर्वोत्तम गिला वडा आहे. तुम्ही जा. मी इथे आहे." लोक खाऊन येईपर्यंत ते तिथेच, रस्त्याकडे पाठ करून कुलपं बघत उभे.

दुकान चालवणाऱ्या मावशी सत्तरीच्या. कपाळावर कुंकू नव्हतं, नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. आवाज मात्र खणखणीत. आणि त्या बाजारात काटा नसलेलं हे एकच दुकान होतं. मी एकदा नुसतं सहज विचारलं, "मावशी, पलीकडे उभे आहेत ते साहेब..." त्यांनी चटणीचा चमचा भांड्यावर आपटला.

"त्या मानसाचं नाव माह्या दुकानात घ्याचं नाही, भाऊ."

मग त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे शेव-चिवडाही असायचा, किलोनं विकायचा. नवरात्रात अष्टमीच्या दिवशी, अंबादेवीच्या दर्शनाची गर्दी गल्लीत मावत नव्हती, तेव्हा साहेब आले. वजनं उलटी करून पाहिली. खालच्या खळग्यात शिसं भरलेलं. सगळ्यांसमोर वजनं जप्त केली आणि कागदावर लिहिलं, वजनात फेरफार.

"शिसं भरलं व्हतं, खोटं कावून बोलू? पन आमच्या मालकानं ते वजन जड व्हावं म्हनून भरलं व्हतं. गिऱ्हाइकाले दोन दाने जास्ती गेले पायजे म्हने. पावशेर मांगनाऱ्याले पावशेराच्या वर जाये. अन् लोकायनं काय समजलं? माप मारते म्हनून! आमी सांगून सांगून थकलो. लोकं हासत. आमच्या मालकानं काटाच फेकून देल्ला. वडा मोजून दे म्हने, तौलून काही इकू नको. मरेपर्यंत देवळात गेले नाही ते, लोकं बोट दाखवतीन म्हनून."

मी त्या दिवशी वडा अर्धा टाकून उठलो. माझ्या आयुष्यातला तो एकमेव टाकलेला वडा. घरी येऊन मी साहेबांना गाठलं आणि तावातावानं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना आठवत नसेल.

"पाव किलोचं वजन सहा ग्रॅमनं जास्त होतं," ते म्हणाले. "अर्ध्या किलोचं अकरा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं की ते गिऱ्हाइकाला जास्त देत होते?"

"जास्त मापही चूकच असते. वजनात फेरफार केला की जप्त. नियम आहे."

"मग जास्त होतं असं लिहायचं तरी!"

"फॉर्ममध्ये तेवढा एकच रकाना आहे. फेरफार आहे किंवा नाही. कोणत्या बाजूनं, हे विचारलेलं नाही."

मी इतका चिडलो की आवाज चढला. म्हटलं, तो माणूस चोर म्हणून मेला, साहेब, आणि तुम्ही दर रविवारी त्याच्या बायकोचा वडा लोकांना दाखवता! काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "लोकांनी तसं समजलं, हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुमाले कोन सांगनार?" काकू म्हणाल्या. "तुमी आले की लोकं पारडे पुसतात."

तो आठवडा घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मी तर ठरवूनच टाकलं होतं की रविवारी जायचं नाही. पण पाच वाजले आणि पाय आपोआप अंबागेटकडे वळले. त्या दिवशी पुण्याच्या डॉक्टर मंडळींचा अकरा जणांचा गट होता. साहेब नेहमीसारखेच बोलत होते, पण कचोरीचं वजन त्यांनी चुकीचं सांगितलं. पंच्याण्णव म्हणाले. मी सोडून ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटच्या गल्लीत आम्ही कुलपाच्या दुकानापाशी पोचलो. लोक नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडायला लागले, आणि साहेबही निघाले. मला वाटलं, रिक्षा येत होती म्हणून बाजूला होत असतील. ते थेट वड्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. रविवारची संध्याकाळ, वीस-पंचवीस माणसं रांगेत. मावशींचा हात दह्याच्या भांड्यावर थांबला.

साहेबांनी खाकरून तपासणीच्या वेळी बोलत असतील त्याच आवाजात सुरुवात केली. "मी वजनमापे निरीक्षक असताना या दुकानातली वजनं जप्त केली होती. त्या वजनांमध्ये फेरफार होता. तो फेरफार..." इथे त्यांचं पुस्तकी मराठी तुटलं. "तो गिऱ्हाइकाच्या बाजूनं व्हता. हे दुकान लोकाईले जास्त देत व्हतं. कमी नाही. जास्त! तीस वर्षांत मी हजारो वजनं पायली, गिऱ्हाइकाले जास्त जावं म्हनून शिसं भरनारा मले एकच मानूस भेटला. तो ह्या दुकानाचा मालक व्हता. त्यायनं कोनाचं माप मारलं नाही. हे मी सांगून राहिलो, ज्यानं वजन जप्त केलं तोच."

भजेवाल्याची कढई तेवढी ऐकू येत होती. समोरच्या किराणावाल्यानं हातातली पुडी खाली ठेवली. त्याच्या बापानंच ती बातमी गावभर केली होती, हे मला नंतर कळलं.

मावशींनी दह्याचा हात पदराला पुसला. मग म्हणाल्या, "जड व्हते हे त्या दिवशी कावून नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही."

"आज कोनं विचारलं?"

साहेबांनी चष्मा काढून बुशशर्टाला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला, तरी तो धूसरच राहिला असावा.

"हे त्याइच्या म्होरं सांगाले पायजे व्हतं, सायब," मावशी हळू आवाजात म्हणाल्या.

"हो," साहेब म्हणाले. "पाहिजे होतं."

मला त्या क्षणी साहेबांचा राग आला, कीव आली, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की काय करावं कळेना, म्हणून मी उगाच एका डॉक्टरांना दह्याविषयी माहिती द्यायला लागलो. तेवढ्यात मावशींनी पानाचा द्रोण उचलला. दोन वडे दाबून ठेवले, वर दही, वर चटणी. द्रोण साहेबांपुढे केला.

"घ्या. अन् पैसे द्या. मी फुकट कोनाले देत नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कानांवर विश्वास बसत नव्हता. मग खिशात हात घातला. नोट काढताना एक पेन खाली पडलं. मावशींनी नोट घेतली, डब्यात टाकली आणि उरलेले सुटे त्यांच्या हातावर ठेवले. कोणत्याही गिऱ्हाइकाला देतात तसे, न बघता.

त्यांनी तिथेच उभ्यानं खायला सुरुवात केली. पहिल्या घासाला थांबले. दुसऱ्याला डोळे मिटले. चटणीनं नाक वाहायला लागलं, ते बाहीला पुसलं, आणि द्रोण बोटानं निपटून चाटून स्वच्छ केला. डॉक्टर मंडळी सगळी बघत होती. एकीनं फोन वर केला होता, मी तिला खूण करून तो खाली करायला लावला.

साहेबांनी रिकामा द्रोण पुढे केला. "अजून एक मिळेल का?"

मावशींनी मान वर न करता पुढच्या गिऱ्हाइकाचा वडा दाबला. "लाइन हाय मांगून, सायब."

साहेब वळले आणि चालत रांगेच्या शेवटाला गेले. दुकान सोडून नुकत्याच रांगेत येऊन लागलेल्या किराणावाल्यानं घाईघाईनं अंग चोरलं, जागा करून दिली, "सायब, तुमी व्हा ना म्होरं, तुमी कावून लाइनीत..."

"राहू द्या," साहेब म्हणाले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "माहा नंबर येईन ना."